चुप्पीवाली पार्टी

मागच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाच्या बोलणीत माझ्या साळ्यानं पाहुण्यांना सांगितलं, "आमचे भाऊजी पूर्वी संगीत क्षेत्रात होते." मला ताटावरून उठून जावंसं वाटलं. संगीत क्षेत्र कसलं डोंबलाचं. मी वरातीत बँजो वाजवत होतो. तारांवर बटणं बसवलेला, विजेवर चालणारा आपला बँजो. हातगाडीवर भोंगे बांधायचे, मागं जनरेटर धुगधुगायचा आणि दिग्रसपासून पार झरी जामणीच्या जंगलातल्या गावांपर्यंत आम्ही नवरदेवापुढं उलटे चालत वाजवायचो. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं, "मग सोडलं काहून?" मी म्हणालो, डीजे आले ना. सगळ्यांना पटलं. डीजेवर काहीही ढकललं तरी लोकांना पटतं.

आम्ही चौघं होतो. मी, दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरचा मुलगा. ती जिनिंग हंगाम संपायच्या आत बंद पडायला लागली, तेव्हा एका कव्वाली पार्टीतल्या चाचांकडून बँजो शिकलो. ऑक्टोपॅड वाजवणारा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, त्यामुळे आमच्या वायरी कधी जळल्या नाहीत. मालक म्हणजे शेतकऱ्याचा मुलगा. घरचं थ्रेशर विकून त्यानं जनरेटर आणि भोंगे घेतले होते. चौथा ढोलवाला. पार्टी म्हणजे खरं तर तोच. बाकी आम्ही तिघं त्याच्या मागं पळायचो.

आमचे दिवस आले ते कापसाचे दिवस गेले म्हणून. हे बोलायला जीभ रेटत नाही, पण खरं तेच आहे. आधी लग्नात ब्रास बँड असायचा. तीसेक माणसं, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. इंग्रजाच्या पलटणीतून पळून आल्यासारखे दिसायचे, पण वाजवायचे झकास. मग कापसाचं असं झालं की पेरलेलं हाती येईना आणि हाती आलेल्याला कुणी विचारीना. लग्नं तर थांबत नाहीत. बिनवाजंत्रीची वरात काढली तर लोक मयत समजतील. मग कुणी तरी म्हणायचं, दिग्रसची ती पोट्टी हायेत ना चौघं, स्वस्तात येतात. आम्ही यायचो. जीन, बनियनवर उघडा शर्ट, कोटबिट काही नाही. आवाज मात्र तीस माणसांचा. लाल कोटवाल्यांच्या मास्तरांनी पुढं बसस्टँडवर चहाची गाडी लावली. हिवाळ्यात ते तोच कोट घालून चहा गाळायचे. मी त्या गाडीवर कधी चहा प्यायलो नाही. समोरून जाताना मान दुसरीकडं वळवायचो.

ढोलवाल्याच्या घरी मात्र आमच्या नावानं शिमगा होता. त्याचे वडील, आमचे काका, उंच, सडपातळ, इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांच्या वडिलांनी धर्मांतर केलं त्याच आठवड्यात गावाची वाजंत्री सोडली होती. हलगी फोडून नदीत टाकली होती. मी सायकलवरून ढोलवाल्याला बोलवायला गेलो की काका ओट्यावर पेपर वाचत असायचे आणि पेपर खाली न घेता बोलायचे.

"आमच्या बुढ्यानं कायले सोडलं वाजवणं? दुसऱ्याच्या दारात चप्पल काढून वाजवाव लागे. सोडलं म्हणून आमी ताठ झालो. आता हा जीन घालून तेच करून राह्यला."

"बाबा, तसं नोय आता," ढोलवाला म्हणायचा. "माह्या नावानं बोलावते लोक."

"नावानं बोलावते, तं बसाले खुर्ची देते का?"

खुर्ची देत नसत. जेवायलाही आम्हाला शेवटी, मांडवामागं बसवायचे, आणि मी फिटरचा मुलगा असून मला त्याचं फारसं काही वाटत नसे. काकांना वाटायचं. जयंतीच्या मिरवणुकीत वाजव, म्हणायचे, तिथं मी तुह्यापुढं चालीन, पण लोकाच्या नवरदेवापुढं नाई. ढोलवाल्याला एकच गोष्ट हवी होती. बापानं एकदा येऊन त्याला वरातीत वाजवताना पाहावं. पैसा, नाव, कशाचंच त्याला एवढं नव्हतं. "एक डाव पाह्यलं ना बुढ्यानं, तं त्यालेच समजन हे येगळं हाय," असं तो प्रत्येक वाटेवर, टेम्पोत मागं बसून म्हणायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो.

आता ती चुप्पी.

मारेगावकडच्या एका गावात वरात घेऊन चाललो होतो. भर दुपार. पुढं चालणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मागं वळून हात वर केला आणि मान खाली घातली. आमच्याकडं हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेवर मयताचं घर असलं की वाजंत्री बंद. ते घर ओलांडेपर्यंत कुणी बोलत नाही, बाया पदर पुढं ओढतात, नवरदेव घोड्यावरून उतरून चालतो. त्या वर्षांत असं एखादं घर गावोगाव लागायचं. कुणाचं, कसं गेलं, हे आम्ही विचारत नव्हतो. आम्ही थांबलो. जनरेटरची धुगधुग आणि चपलांचा आवाज, बस. दारात एक बाई बसली होती, तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. घर मागं पडलं, म्हाताऱ्यानं हात खाली घेतला, आणि ढोलवाल्यानं असा काही ठोका हाणला की माझी बोटं आपोआप बटणांवर पडली, पॅडवाल्याची काठी पडली, सगळं एका क्षणात, न मोजता. तसं आम्ही आजवर कधी एकत्र आलो नव्हतो. पोरं पिसाळली. धुळीत लोळून नाचली. लग्न लागेपर्यंत एकच घोषा, "ते तसं थांबून पुन्हा वाजवा."

आम्ही पुन्हा वाजवलं. मयताचं घर नव्हतं, काही नव्हतं. ढोलवाल्यानं त्या म्हाताऱ्यासारखा हात वर केला, मान खाली घातली, आम्ही थांबलो. त्यानं हात खाली आणला, आम्ही तुटून पडलो.

ही आमची कमाई. पुढच्या हंगामात लोक यायचे ते हेच मागत. "ते चुप्पीवालं वाजवता तेच तुमी ना?" पार्टीचं खरं नाव मालकानं मोठ्या हौसेनं भोंग्यावर रंगवलं होतं, ते कुणी घेतलं नाही. आम्ही चुप्पीवाली पार्टी. पुसद, दारव्हा, नेर, सगळीकडून बोलावणी. यवतमाळ रोडवर एक बिअर बार नवा निघाला होता. त्याच्या मागच्या हॉलमध्ये आम्हाला शनिवारी वाजवायला बोलावू लागले. तिथं वरात नाही, नवरदेव नाही, नुसते पिणारे. तेही हात वर करून माना खाली घालायचे, ओठांवर बोट ठेवायचे, कुणी तर डोळे पुसल्याचं नाटक करायचं, आणि ढोलवाल्याचा हात खाली आला की ग्लास आपटायचे. आम्ही हसायचो. मालकानं कार्ड छापलं, त्यावर वर केलेला हात. यवतमाळला एका स्टुडिओत सीडी काढली, तिच्यावरही तोच हात. मला तो हात फार आवडायचा. सीडी मी पाहुण्यांना वाटली होती. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय.

ढोलवाल्याच्या वस्तीतली पोरंही ती नक्कल करायची. एकदा काकांनी ओट्यावरून पाहिली. मी तिथंच सायकल टेकवून उभा होतो. त्यांनी मुलाला विचारलं, "कोन्या घरापुढं थांबता हे?"

"कोनाच्याच नाई. असंच."

काकांनी पेपर खाली ठेवला. "असंच कोनी थांबते का?"

ढोलवाला माझ्याकडं पाहून हसला. मीही हसलो. काका हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. तेव्हा रागावले असते तर बरं झालं असतं.

मग दिग्रसातल्याच एका व्यापाऱ्याच्या घरचं लग्न आलं. वरात वस्तीच्या रस्त्यानंच मंगल कार्यालयात जाणार होती, काकांच्या दारावरून. ढोलवाल्यानं आठ-पंधरा दिवस बापाच्या मागं भुणभुण लावली. काकांना तेव्हा खोकल्यानं धरलं होतं, ओट्यावर येणंही कमी झालं होतं. एके दिवशी ढोलवाला रेडिओच्या दुकानात आला तो उडतच. "बुढा पाह्यतो म्हने." काकांचे शब्द असे होते: "मी कोनाच्या वरातीत येनार नाई. पन माह्या दारातून जाता म्हनतोस, तं दारात खुर्ची टाकून बसीन." खुर्ची शब्दावर आम्ही सगळे हसलो. ढोलवाल्यानं ढोलाला नवी दोरी ओवली, तेलपाणी केलं. चुप्पी तिथंच घ्यायची, अगदी दारासमोर, असं आमचं ठरलं. बापासमोर आपलं सगळ्यात चांगलं दाखवायचं म्हणून. ठरवताना आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण एका म्हाताऱ्या, आजारी माणसाच्या दारापुढं मयताचा हात दाखवणार आहोत. इतकं ते आमच्या अंगवळणी पडलं होतं.

लग्नाच्या चार दिवस आधी काका गेले.

आम्ही तिघं अंत्ययात्रेला गेलो. तिथून परत येताना मालकानं माझा खांदा धरून हळूच विषय काढला. लग्नवाले ऐकणार नाहीत, पत्रिका वाटून झाल्यात, रस्ता दुसरा नाही. पुसदहून एक ढोलवाला मिळतो, त्याला आपली सीडी पाठ आहे. मी म्हणालो, विचारून घेऊ. आम्ही दोघं परत ओट्यावर गेलो. ढोलवाला पांढऱ्या कपड्यात भिंतीला टेकून बसला होता. मयतामागचा जलदानाचा विधी अजून व्हायचा होता.

"जा ना," तो म्हणाला. "तुमचं कायले अडते? फक्त घरापुढून बंद जाजा."

"घराअलीकडच्या चिंचेपासून पलीकडच्या हापशीपर्यंत एक सूर निघनार नाही," मी म्हणालो. "माझी शप्पथ."

"शप्पथ कायले," तो म्हणाला. "रिवाजच हाय तो."

लग्नाच्या दिवशी पुसदचा ढोलवाला आला. नवखा होता, पण हात चांगला. मी त्याला चिंच दाखवली, हापशी दाखवली. वरात चिंचेपाशी आली. वरबापाकडच्या एका म्हाताऱ्यानं पुढं होऊन हात वर केला, आम्ही बंद केलं. नवरदेव घोड्यावरून उतरला. इथपर्यंत सगळं नीट झालं.

मग मागून शिट्टी आली.

नाचणाऱ्या पोरांना वाटलं, चुप्पी लागली. त्यांनी आपले हात वर केले, माना खाली, ओठांवर बोटं. कुणी हुंदका दिल्यासारखं केलं, बाकीचे खिदळले. म्हातारा ओरडला, "अबे पोट्टेहो, मयत झालं हाय तेथं!" पोरांना तोही खेळातलाच वाटला. इतकी वर्षं आम्हीच त्यांना हे शिकवलं होतं. मी गाडीला धरून उभा होतो. माईक माझ्या हाताशी होता. माईकवर काय बोलायचं? आता खरं आहे, म्हणायचं?

दाराशी माणसं जमली. ढोलवाला आतून ओट्यावर आला. पांढरा सदरा, बहुतेक काकांचाच, खांद्यात मोठा होता. पोरांनी त्याला ओळखलं. सगळा तालुका त्याला ओळखत होता. "आला रे आला!" म्हणून गलका झाला. एकानं तर पुसदवाल्याच्या गळ्यातला ढोल ओढून त्याला द्यायचा प्रयत्न केला.

ढोलवाल्यानं हात वर केला.

तो हात विनवणीचा होता. त्याच्या तोंडावरून ते आंधळ्यालाही कळलं असतं. पण तो सीडीवरचा हात होता, कार्डावरचा हात होता. आणि गलका थांबला. काय सांगू, एकदम थांबला. माणसं श्वास धरून त्याच्याकडं पाहत होती. मला वाटलं, जमलं. त्याला हवी होती ती शांतता मिळाली आणि घोडं गंगेत न्हालं. तोही तसंच उभा राहिला, हात वर, आमच्यावरून नजर फिरवत, एकेकाकडं.

वर केलेला हात माणूस किती वेळ वर ठेवणार? त्याला घरात परत जायचं होतं. त्यानं तो खाली घेतला.

पुसदवाल्यानं ठोका हाणला. सीडी पाठ होती त्याला, त्याचा काय दोष? पॅडवाल्याची काठी पडली. आणि माझी बोटं पडली. मी पाहत होतो, मला सगळं कळत होतं, आणि तरी ती पडली, बरोबर वेळेवर, नेहमीपेक्षा चांगली. काकांच्या दारापुढं भोंगे फुटेस्तोवर वाजलं, पोरं नाचली. दोन-चार ठोके असतील, जास्त नाही, मालकानं धावत जाऊन जनरेटर बंद केला. पण दारात भिंतीशी एक प्लास्टिकची खुर्ची होती, ती मला त्या गलक्यात दिसली. काकांसाठी आणलेली असावी. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

आम्ही पुढं गेलो, लग्न लागलं, कुणी आम्हाला बोल लावला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि लोक येऊन पाठ थोपटत होते. एक म्हणाला, आजची चुप्पी एक नंबर झाली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. पाय निघत नव्हता, तरी गेलो. ढोलवाल्यानं मला बसायला तीच खुर्ची दिली आणि मी बसलो, कारण नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. त्यानं चहा आणला. मी चूक, माफी, असं काहीतरी पुटपुटायला लागलो.

"तुमी काय केलं?" तो म्हणाला. "हात तं मीच वर केला. खाली बी मीच घेतला."

"अबे, पण..."

"बाबा इचारे, कोन्या घरापुढं थांबता." त्यानं बशीतला चहा फुंकला. "चहा पी. थंडा होते."

पार्टी मोडली असं कुणी म्हटलं नाही. पुढचं बोलावणं आलं तेव्हा मालकानं आम्हाला निरोप दिला नाही, आणि आम्ही का दिला नाही म्हणून विचारलं नाही. भोंगे एका कीर्तन मंडळानं नेले. पॅडवाला मोबाईल दुरुस्त करू लागला. मी बँजो माळ्यावर टाकला आणि एका कापडाच्या दुकानात लागलो. चुप्पी मात्र आमच्यामागं उरली. दुसऱ्या पार्ट्यांनी घेतली, डीजेवाल्यांनी घेतली. आजही लग्नात गाणं अचानक बंद पडतं, पोरं हात वर करतात आणि माना खाली घालतात. ते कुठून आलं हे त्यांना ठाऊक नाही. मी अशा वेळी हात धुवायचं निमित्त करून बाहेर जातो.

ढोलवाला नंतर पुसदकडं एका शाळेत शिपाई म्हणून लागला. अधूनमधून नुसतं कानावर यायचं. मुलीची ती बोलणी झाली त्यानंतर काही दिवसांनी मी एसटीनं एका खेड्यात पत्रिका द्यायला निघालो होतो. वाटेत एका फाट्यावर झाडाखाली माणूस उभा होता. ड्रायव्हरनं गाडी दामटली. एक बाई ओरडली, "अहो, मानूस होता ना तेथं." गाडी पुढं जाऊन थांबली. तो पिशवी सांभाळत पळत आला, धापा टाकत चढला.

"हात तं दाखवाव लागते ना, काका," कंडक्टर म्हणाला. "आमाले काय सपन पडते?"

"सवय नाई," तो म्हणाला.

मग ढोलवाल्यानं मला पाहिलं. माझ्याच शेजारची जागा रिकामी होती. तो बसला, पिशवी पायाशी ठेवली, माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "कसा हायेस? लेकीचं जमलं म्हने." आम्ही बोललो. त्याचा मुलगा नर्सिंग शिकत होता. पॅडवाल्याची साखर वाढली होती. बँजोचं नाव त्यानं काढलं नाही, मीही नाही. तो चांगलं बोलत होता, हसत होता, आणि मला ते अवघड होत होतं.

माझा फाटा आला. घंटीची दोरी डोक्यावरच होती. हात वर करून ओढायची, एवढंच काम. कंडक्टर मागं तिकिटं फाडत होता.

मी बसून राहिलो. फाटा मागं गेला, पुढचं गाव आलं, तिथं दुसऱ्या कुणासाठी गाडी थांबली तेव्हा मी उतरलो. "येथं कोठी चालला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, इथंच काम आहे. मग पत्रिकांची पिशवी घेऊन उन्हात उलटा चालत आलो.